उतरंड : सामाजिक विषमतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत मी समाजशास्त्र शिकवते. समोर अकरावी-बारावीची मुलं असतात, एमपीएससीची तयारी करणारे असतात, आणि रविवारी कधी कधी त्यांचे आईवडीलही मागच्या बाकावर येऊन बसतात. वर्षं बदलतात, प्रश्न तेच राहतात. ते मी एका वहीत लिहून ठेवत आले. त्यातले निवडक प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे मांडली आहेत.

स्तरीकरण म्हणजे नुसतं गरीब-श्रीमंत असणंच ना?

नाही. माझ्या आजीच्या घरी कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची. तळाला मोठा माठ, त्यावर त्याहून लहान, असं करत सगळ्यात वर मिठाचं बोळकं. वरचं बोळकं उचललं तर खालच्यांना काही होत नाही. तळाचा माठ हलवला तर अख्खी उतरंड कोसळते. म्हणून तळाच्या माठाला कोणी हात लावत नसे, आणि त्यात काय ठेवलंय तेही बाहेर येत नसे.

दोन सख्खे भाऊ आहेत. एकाने इतवारीत दुकान टाकलं आणि त्याचं बरं चाललं, दुसरा ऑटो चालवतो. ही आर्थिक विषमता झाली. पण आजोबा गटारं साफ करायचे, वडील तेच करत होते आणि आता मुलालाही तेच काम मिळतंय, वर आजूबाजूच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही, तेव्हा त्याला स्तरीकरण म्हणायचं. माणसाची जागा त्याच्या जन्माआधी ठरलेली असते, ती पिढ्यानपिढ्या टिकते आणि ती योग्यच आहे असं पटवणारी गोष्ट समाजाने तयार ठेवलेली असते. पैसा कमीजास्त होत राहतो. जागा ठरवणारी ही व्यवस्था मात्र हाताला लागत नाही, म्हणून तिचा वेगळा अभ्यास करावा लागतो.

वर्ण, जात आणि वर्ग यांत फरक काय?

वर्ण चार, आणि ते पोथीतले. जाती हजारो, आणि त्या गावातल्या, वस्तीतल्या, सोयरिकीतल्या. प्रत्यक्ष जगण्यात कामाला येते ती जात. वर्ग ठरतो मालमत्ता, उत्पन्न आणि कामाच्या प्रकारावरून. त्यात वरखाली होणं अवघड असलं तरी तत्त्वतः शक्य असतं.

कार्ल मार्क्सने मुख्य प्रश्न विचारला तो साधनांच्या मालकीचा : जमीन कोणाची, गिरणी कोणाची? मॅक्स वेबरने त्याला जोड दिली. पैसा, प्रतिष्ठा आणि सत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो म्हणाला. आपल्याकडे हे चटकन दिसतं. एखाद्या देवळातल्या पुजाऱ्याच्या हाती पैसा नसतो, तरी लोक पाया पडतात. एखादा भंगारचा व्यापारी बंगला बांधतो, पण शेजारी त्याच्याकडे पाणी प्यायला कचरतात.

जातीबद्दल सगळ्यात नेमकं सांगितलं ते बाबासाहेबांनी. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी मांडलं की जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली : एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मलात त्याच मजल्यावर मरायचं. त्यांची श्रेणीबद्ध विषमतेची कल्पनाही यातूनच समजते. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं, म्हणून मनोरा पाडायला सगळे एकत्र येत नाहीत. मधल्या मजल्यावरचा माणूस वरच्याचा अपमान गिळतो, कारण खालच्याचा अपमान करायची सोय त्याला हवी असते.

जात फक्त भारतातच आहे ना?

या रूपात, इतक्या पायऱ्यांची आणि धर्मग्रंथांचा आधार असलेली जात दक्षिण आशियातलीच. पण जन्मावरून माणसाला अपवित्र ठरवणं इतर समाजांनीही केलं आहे.

जपानमध्ये मेलेली जनावरं उचलणारे, कातडी कमावणारे लोक वेगळ्या वस्त्यांत राहायचे. त्यांच्या वंशजांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली सरकारी फर्मानाने त्यांचा हलका दर्जा रद्द झाला. दिसायला ते इतर जपानी माणसांसारखेच, भाषा तीच, धर्म तोच. ओळख पटते ती फक्त पत्त्यावरून. १९७५ साली उघडकीला आलं की अशा वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून विकल्या जात होत्या आणि नोकरीला आलेला उमेदवार ‘तिकडचा’ तर नाही, हे तपासायला कंपन्या त्या विकत घेत होत्या. फर्मानाला तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती.

कोरियात खाटीक काम करणारे पेकचोंग होते. त्यांचा दर्जा १८९४ च्या सुधारणांत कागदावर संपला, पण अवहेलना चालूच राहिली. १९२३ साली जिंजू शहरात त्यांनी संघटना उभारली आणि तिच्या नावात तराजूचा दांडा ठेवला. रोज मांस तोलणाऱ्या लोकांनी समतेसाठी आपल्याच धंद्यातली वस्तू निवडली. मुलांना हे सांगताना दरवेळी माझा आवाज जरा बदलतो.

नायजेरियात इग्बो लोकांमध्ये ओसू नावाचा गट आहे. यांचे पूर्वज देवाला वाहिलेले. म्हणून त्यांच्याशी रोटीबेटी नाही. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने ही प्रथा कायद्याने रद्द केली ती १९५६ साली. आपल्या दीक्षाभूमीचं वर्षही तेच. तिथेही आज प्रश्न अडतो तो लग्नाशीच. घरचे लोक आधी चौकशी करतात, मग होकार देतात.

मग अमेरिकेतला वर्णभेद आणि जात एकच का?

सख्खी नाहीत, पण चुलत भावंडं आहेत. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली घटनेनेच रद्द झाली, तरी वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे नळ राहिले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली विभागणी घटनाबाह्य ठरवली, नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा. दरम्यान १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे रंगवून काळ्या लोकांच्या वस्त्यांवर लाल रंग मारला गेला : इथे घरकर्ज देणं धोक्याचं. घर नाही म्हणून संपत्ती नाही, संपत्ती नाही म्हणून मुलांना चांगली शाळा नाही. रंग पुसला तरी नकाशा उरतो तो असा.

दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद झाली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कुठे राहायचं तेही ठरवलं. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर माणूस हुतू गटाचा की तुत्सी गटाचा हे छापलं. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यारस्त्यांवर तेच कार्ड तपासून माणसं मारली गेली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख.

फरक इतकाच की कातडीचा रंग दिसतो. जात दिसत नाही, ती विचारावी लागते. म्हणून आपल्याकडे विचारण्याच्या पद्धती फार तयार झाल्या.

नागपूरसारख्या शहरात आता कोण जात पाळतं?

लग्नानंतर आम्ही पश्चिम नागपुरात भाड्याने घर शोधत होतो. एक घर फार आवडलं. पहिला मजला, समोर कडुलिंब, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. घरमालक काका प्रेमळ होते. त्यांनी संत्र्याचं सरबत दिलं, किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘वर जाऊन निवांत पाहा.’ आम्ही पाहून खाली आलो, भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग ते म्हणाले, ‘आडनाव नाही सांगितलं तुम्ही.’ आम्ही सांगितलं. आमचं आडनाव तीन-चार समाजांत चालतं, त्यामुळे त्यांचं समाधान झालं नाही. ‘म्हणजे कोणते?’ मग ‘गाव कोणतं?’ मग ‘सध्या कुठे राहता?’ मी म्हटलं, इंदोऱ्यात. इंदोरा म्हणजे उत्तर नागपुरातली बौद्धांची मोठी वस्ती. त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि मागच्या खिळ्याला परत अडकवली. ‘मुलाला विचारून कळवतो बेटा.’ त्यांचा फोन कधी आला नाही.

कोणी शिवी दिली नाही, कोणी पाणी नाकारलं नाही. सरबत तर मिळालंच. म्हणूनच याची तक्रार कुठे करणार? शहरात जात अशी पाळली जाते : ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’च्या पाटीतून, वधूवर मेळाव्याच्या फॉर्मवरच्या रकान्यातून, ‘पाटील म्हणजे कोणते पाटील?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातून. बुराकुमिनांच्या पत्त्यांच्या यादीबद्दल मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला तो खिळा आठवला.

गिरण्या, कारखाने आले की जात आपोआप मोडते, हे खरं का?

अर्धं खरं. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तो हाच दिवस, नाव त्यावरूनच पडलं. जमशेटजी टाटांची ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. मधल्या सव्वाशे वर्षांत तिने आणि इतर गिरण्यांनी या शहराला जे दिलं त्यात एक गोष्ट फार मोठी होती : रोख पगार.

गावात माझ्या पणजोबांना कामाचा मोबदला म्हणून शिळी भाकरी आणि सुगीला पायलीभर धान्य मिळायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. शहरातल्या गिरणीत लागल्यावर आजोबांना महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नोटा मिळू लागल्या. कोणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. बाहेर आल्यावर वेळ स्वतःचा. त्या वेळात वाचनालयं निघाली, भजनी मंडळं निघाली, पोरांच्या शाळेची फी भरली गेली आणि सभांना वर्गणी जमली.

पण गिरणीच्या आतही मजले होते. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, पगार चांगला असे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन. त्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे. एका पाळीचा धोटा दुसऱ्या पाळीचा कामगार तोंडाला लावणार. या कारणाने मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना मागावर घेत नसत. १९२८ च्या मुंबईच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. वर्ग एक, कामगारांचा. पण त्या एका वर्गाच्या मधोमध एक ओला धागा होता.

शिकलं की सगळं सुटतं ना?

शिकलंच पाहिजे. त्यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

तरी एक अडथळा मुलांना आधीच सांगून ठेवते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने सांस्कृतिक भांडवल नावाची कल्पना मांडली. पैशासारखंच बोलण्याचं वळण, उच्चार, पुस्तकांची ओळख, कुठे कसं बसायचं याची सवय हेही घरातून वारशाने मिळतं, आणि शाळा त्यालाच हुशारी समजते. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी पुण्यात मुलाखतीला गेली. सगळी उत्तरं बरोबर दिली. मधेच ‘मी सध्या प्रोजेक्ट करून राहिली आहे’ म्हणाली आणि समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. पुढच्या तीन प्रश्नांना ती अडखळली. ‘करून राहिली’ हे आपल्या नागपूरकडचं रोजचं मराठी आहे, त्यात चूक काहीच नाही. प्रमाण भाषा कोणाच्या घरातली धरायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या मुलांना मुलाखतीत आपलं बोलणं सांभाळावं लागत नाही.

या उतरंडीत बायका कुठे?

प्रत्येक मडक्याच्या आत आणखी खाली. जात टिकते जातीतल्या लग्नावर, म्हणजे मुलीच्या निवडीवर पहारा ठेवूनच. २०११-१२ च्या एका देशव्यापी घरोघर सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं शंभरात साधारण पाच निघाली. म्हणजे पहारा अजून पक्का आहे.

मालमत्तेचं पाहा. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलींना मुलांइतका हक्क १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आणि तरी वडील गेल्यावर बहिणींना गाडी करून दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात, हक्कसोड पत्रावर सही घेतात, येताना साडीचोळी करतात. माझ्या आईने अशी सही केली आहे. मी विचारलं, काहून केलीस? ती म्हणाली, ‘माहेर तुटलं असतं.’ कायद्याने दिलेला हिस्सा आणि माहेरची वाट, यातलं एकच मिळणार असेल तर तिला हक्क मिळाला असं मी म्हणणार नाही.

नागपूरच्या बायकांनी याविरुद्ध फार आधी आवाज उठवला होता. लहानपणी हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी १९२२ साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी इथे दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि जमलेल्या स्त्रिया सुमारे २५ हजार. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या सोयी असे ठराव झाले. हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा तेरा वर्षं अवकाश होता. या परिषदेबद्दल नागपूरच्या प्रत्येक शाळेत एक तास तरी शिकवायला हवा.

धर्म बदलून जात जाते का?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. समोरच्याच्या मनातली जात त्याने लगेच गेली नाही, हे मी वर किल्लीच्या गोष्टीत सांगितलंच. पण स्वतःच्या मनातली गेली. ‘हे आपल्या नशिबातच होतं’ हे वाक्य आमच्या घरातून त्या दिवशी बाहेर पडलं, असं आजी सांगायची. व्यवस्था योग्य आहे हे पटवणारी जी गोष्ट मी सुरुवातीला म्हटली, ती गोष्टच नाकारणं म्हणजे दीक्षा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा, पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी पाहा. खेड्यातून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात.

कागदावर मात्र किंमत मोजावी लागली. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० उजाडलं. ख्रिस्ती आणि मुस्लीम झालेल्या दलितांना तो अजूनही नाही, आणि त्यांच्या समाजातही उतरंड आहेच.

आरक्षण गरिबीवर का देत नाहीत?

आता तेही आहे. १०३ व्या घटनादुरुस्तीने २०१९ पासून आर्थिक दुर्बलांना १० टक्के मिळतात. पण मूळ आरक्षण गरिबी हटवण्याची योजना कधीच नव्हती. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, कारण दरबारातल्या नोकऱ्या जवळजवळ एकाच जातीच्या हाती होत्या. सत्तेच्या खोलीत कोण बसतं, हा प्रश्न होता. याच शाहू महाराजांनी १९२० साली नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं.

गरिबीला शिष्यवृत्ती, रेशन, रोजगार हे उपाय आहेत आणि ते वाढले पाहिजेत. खिळ्याला परत अडकवलेल्या किल्लीवर त्यातला एकही चालत नाही.

झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक कशाचं?

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. गुरं राखणारा गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला मोर्चाने आला होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं फार. सगळा वाद होता सरकारी यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या दोन शब्दांचा : ते आम्हीच की कोणी वेगळे? उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली गोवारींच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फिरवला. कुठल्या खणात तुमचं नाव आहे, यावर लेकराची फी आणि नोकरी ठरते, तेव्हा दोन शब्दांसाठी माणसं जीव देतात. तिथून जाताना मुलांनी एकदा थांबावं, असं मी सांगते.

विषमता मोजतात कशी?

उत्पन्नाची विषमता जिनी गुणांकाने. सगळ्यांना सारखं मिळालं तर शून्य, सगळं एकाच्याच हाती गेलं तर एक. दक्षिण आफ्रिकेचा आकडा ०.६३ च्या आसपास, जगात सर्वांत वाईटांपैकी. तिथे वर्णभेदी राजवट संपून १९९४ साली सर्वांनी मतदान केलं, पण जमीन आणि खाणी ज्यांच्या होत्या त्यांच्याकडेच बहुतांशी राहिल्या. मत मिळालं म्हणजे शेत मिळालं असं होत नाही. परीक्षेत जिनीची व्याख्या विचारतात, पण हा मुद्दा लिहिलात तर उत्तर जिवंत होईल.

जनगणनेत जात विचारली तर जातीयवाद वाढणार नाही का?

जनगणनेत सर्व जातींची मोजणी शेवटची झाली १९३१ साली. त्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. पुढच्या जनगणनेत जात नोंदवायचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ताप मोजल्याने ताप चढत नाही. कोणाकडे किती जमीन, कोण कुठल्या नोकरीत, हे जातवार कळलं तर ‘आता कुठे राहिली जात?’ या प्रश्नावर वर्गात तासभर भांडावं लागणार नाही.

जात प्रमाणपत्रासाठी जुने पुरावे कुठे शोधायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तोही जूनमध्ये, प्रवेशाच्या धावपळीत. कुटुंबाचं वास्तव्य महाराष्ट्रात कोणत्या तारखेआधीचं दाखवायचं ते लक्षात ठेवा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा मागा. आजोबा शिकलेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे कोतवाल पंजी बघा. बऱ्याच नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा माणूस सोबत न्या. आडनाव बदललं असेल तर त्याचं राजपत्र जोडा. आणि बारावीचा निकाल लागायची वाट पाहू नका, अकरावीच्या दिवाळीतच गावी जाऊन अर्ज टाका.